सातबाऱ्याखालची जमीन

यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला आपल्या वावराची चतुःसीमा तोंडपाठ असते. धुरा कुठून कुठे जातो, पावसाचे पाणी कोणत्या कोपऱ्यातून उतरते, कोणत्या पट्ट्यात पऱ्हाटी साधते आणि कुठे तुरीशिवाय काही टिकत नाही, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. त्याच वावराखाली शंभर मीटरवर काय आहे, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते. विहीर खोदताना लागलेला मुरूम, त्याखालचा मांजऱ्या, मग काळा पाषाण, इथवर त्याची माहिती पोचते आणि थांबते. त्याखालची माहिती गोळाच झालेली नाही, असे नव्हे. जिल्ह्याच्या पूर्व भागाची भूशास्त्रीय तपासणी दीडशे वर्षांपूर्वी सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. नकाशे आहेत, बोअरच्या नोंदी आहेत, जाडजूड अहवाल आहेत. ते इंग्रजीत आहेत, नागपूर, रांची, कोलकात्याच्या कचेऱ्यांत आहेत, आणि ज्यांच्या वावरात ते बोअर मारले गेले त्यांच्या हाती ते सहसा लागलेले नाहीत.

हे पुस्तक त्या माहितीला मराठीत आणि गावात आणण्यासाठी सिद्ध केले आहे. यातले लेख भूशास्त्राच्या अभ्यासकांनी लिहिले असले, तरी ते सामान्य वाचकासाठी लिहिले आहेत. म्हणून या प्रस्तावनेत आधी सगळ्या विषयाचा नकाशा मांडतो: जिल्ह्याखाली कोणते खडक आहेत, त्यांचा शोध कोणी आणि कसा घेतला, शोधाच्या पद्धती कोणत्या, आणि आजच हे सारे समजून घेण्याची निकड का निर्माण झाली आहे.

सुरुवात एका प्रश्नाने करावी लागेल, कारण तो प्रत्येक गावात निघतो. आपल्याकडे सोने आहे का? २०२२ च्या अखेरीस राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी चंद्रपूर आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत सोन्याचे साठे असल्याचे जाहीर केले. चंद्रपुरातल्या मिंझरी आणि बामणी या क्षेत्रांची नावे वर्तमानपत्रांत झळकली. वर्धा नदीच्या पलीकडे सोने आणि अलीकडे काहीच नाही, हे कसे, असे लोकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर खडकांच्या वयात आणि त्यांच्या घडणीत आहे. सोन्याचा हा प्रश्न नीट सोडवला, की जिल्ह्याचे सारे भूशास्त्र ओघाने समजते.

आधी खडक पाहू. यवतमाळ, दारव्हा, पुसद, दिग्रस, उमरखेड या बाजूला पाहाल तिकडे काळा दगड आहे. तो बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला, त्यावर पुन्हा नवा लाव्हा आला. असे थरावर थर बसून दख्खनचे पठार तयार झाले. ज्या काळ्या जमिनीत आपला कापूस पिकतो ती याच दगडाची झीज होऊन बनली. झरी-जामणी तालुक्यातल्या शिबला परिसरात २०२१ मध्ये रस्त्याचे काम चालू असताना दगडाचे उभे, बहुकोनी खांब उघडे पडले, तेव्हा कोणाला ते जुन्या मंदिराचे अवशेष वाटले. ते मानवी हातांनी घडवलेले नव्हते. जाड लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो आणि त्याला वरून खाली जाणाऱ्या भेगा पडतात. भेगांच्या मधला भाग खांबासारखा उरतो. मुंबईत अंधेरीचा गिल्बर्ट हिल याच जातीचा आहे.

पूर्वेकडे वणी, मारेगाव, झरी-जामणी आणि पांढरकवड्याच्या काही भागात गेलो की चित्र पालटते. काळ्या दगडाचे पांघरूण इथे विरळ होते, काही ठिकाणी झिजून संपते, आणि त्याखालचे जुने खडक उघडे पडतात. त्यांत सर्वांत विस्तृत आहे तो चुनखडक. शंभर कोटी वर्षांच्या घरातल्या एका उथळ समुद्राच्या तळाशी तो साचला. विल्यम किंग यांनी १८८१ मध्ये प्राणहिता-गोदावरी खोऱ्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात या थरांना पैनगंगेचे नाव मिळाले. आज भूशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पैनगंगा समूह ठाऊक असतो. त्या नावाची नदी आपल्या जिल्ह्याची दक्षिण सीमा आहे, हे आपल्यालाच फारसे ठाऊक नसते. राजूरच्या चुनाभट्ट्या आणि मुकुटबनचा सिमेंट कारखाना याच खडकावर उभे आहेत.

चुनखडकावर गोंडवाना थर येतात, आणि त्यांच्या तळाशी या साऱ्या प्रदेशातली सर्वांत विलक्षण गोष्ट दडली आहे. १८७० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे फ्रान्सिस फेडन पैनगंगेच्या काठाने काम करत होते. चंद्रपूरपासून पश्चिम-नैऋत्येला सुमारे दहा मैलांवर, इरई गावाजवळ त्यांना चुनखडकाचा एक सपाट पृष्ठभाग दिसला. तो घासून गुळगुळीत झाला होता आणि त्यावर एकमेकांना समांतर अशा ओरखड्यांच्या रेषा होत्या. वाहते पाणी दगड गुळगुळीत करते, पण अशा सरळ, समांतर रेषा ओढत नाही. बर्फाच्या जाड थरात अडकलेले धोंडे बर्फासोबत सरकताना खालचा खडक खरवडतात, तेव्हाच असे ओरखडे उमटतात. त्यावर साचलेल्या थरात लहानमोठे, ओरखडे पडलेले गोटे हिरवट मातीत रुतलेले होते. फेडन यांनी १८७५ मध्ये हा पुरावा प्रसिद्ध केला. आज ज्या टापूत मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तिथे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हिमनद्या होत्या! असेच थर दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेतही सापडले. हे सारे भूखंड कधीकाळी एकत्र होते, या विचाराला ज्या पुराव्यांनी बळ दिले, त्यांत पैनगंगेकाठचा हा दगडही आहे.

हिमनद्या वितळल्या, नद्या वाहू लागल्या, दलदली माजल्या आणि त्यांत ग्लोसोप्टेरिस नावाच्या, आता नामशेष झालेल्या वनस्पतींची राने वाढली. त्या रानांचा कोळसा झाला. ज्या वालुकाश्मांच्या थरांत तो सापडतो त्यांना बराकर म्हणतात. त्यावरचे तांबूस वालुकाश्म कामठीचे. वर्धा खोऱ्याचे वैशिष्ट्य असे, की इथे बारीक बारीक अनेक थरांपेक्षा एकच मोठी सीम मिळते. कित्येक ठिकाणी तिची जाडी पंधरा-वीस मीटरपर्यंत जाते. उकणी, जुनाड, निलजई, मुंगोली, कोलारपिंपरी, घोन्सा ही नावे वणी तालुक्यात गावांची म्हणून कमी आणि खदानींची म्हणून अधिक घेतली जातात, याचे कारण ही सीम.

आता शोधाचा इतिहास. त्याचे ठळक चार टप्पे पडतात.

पहिला टप्पा हौशी अभ्यासकांचा. नागपूरला धर्मप्रसारासाठी आलेले स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी १८५० च्या दशकात नागपूर परिसरातल्या खडकांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली इथल्या वालुकाश्मात मिळालेल्या एका उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी केले. विदर्भाच्या दगडांत जगाला रस वाटावा असे काही आहे, हे यातून प्रथम लक्षात आले.

दुसरा टप्पा सरकारी सर्वेक्षणाचा, आणि त्यामागे रेल्वे होती. १८५१ मध्ये स्थापन झालेल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला इंजिनांसाठी कोळसा हवा होता. बंगालहून आणलेला कोळसा फार महाग पडे. वऱ्हाडचा कापूस मुंबईला नेणारी गाडी वऱ्हाडच्याच आसपासच्या कोळशावर चालावी, हा हिशेब होता. नदीपात्रांत उघडे पडलेले थर पाहायचे, त्यांचा उतार मोजायचा, ते जमिनीखाली कुठे जातील याचा अंदाज बांधायचा आणि मग तिथे बोअर घ्यायचा, अशी ही पद्धत. टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांचा वर्धा खोऱ्याच्या कोळसाक्षेत्रावरचा ग्रंथ १८७७ मध्ये निघाला. तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नावच वणी होते; यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये मिळाले. नदीपलीकडे वरोऱ्याला सरकारी खाण १८७१ मध्ये सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. वणीच्या बाजूचा मोठा साठा मात्र कागदावर नोंदला जाऊनही पुष्कळ वर्षे जमिनीतच राहिला. साठा सापडणे आणि तो काढणे परवडणे यांत केवढे अंतर असते, याचे हे आपल्या घरातले उदाहरण आहे.

तिसरा टप्पा स्वातंत्र्यानंतरचा. नागपूरला भारतीय खाण ब्युरो आला (स्थापना १९४८), खनिज अन्वेषण महामंडळ आले (१९७२), राज्याचे भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालयही तिथेच. १९७३ मध्ये बिगर-कोकिंग कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये कोल इंडियाची रचना होऊन वेकोलिचे (वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड) मुख्यालय नागपुरात आले. बोअर आता एकेकटे राहिले नाहीत. ठराविक अंतरावर, जाळ्यासारखे घेतले जाऊ लागले. वणीभोवतीच्या उघड्या खदानी या जाळ्यातून जन्मल्या.

चौथा टप्पा आपण जगतो आहोत. तो उपग्रहांचा, विमानातून केलेल्या चुंबकीय मोजणीचा आणि रासायनिक नकाशांचा आहे. राष्ट्रीय भू-रासायनिक मानचित्रणात देशाची जमीन दोन बाय दोन किलोमीटरच्या चौकटींत विभागून ओढ्या-नाल्यांतल्या गाळाचे नमुने घेतले जातात आणि त्यांत कितीतरी मूलद्रव्ये मोजली जातात. ज्या नाल्यात आपण बैल धुतले त्याच्या गाळात तांबे किती, आर्सेनिक किती, सोने किती, याची नोंद यातून होते.

आता सोन्याकडे वळू. सोने जवळपास प्रत्येक खडकात असते. पृथ्वीच्या कवचात टनामागे ते सरासरी तीन-चार मिलिग्रॅम भरते. खाण परवडायची तर साधारण टनामागे एक ग्रॅम किंवा त्याहून अधिक हवे, म्हणजे निसर्गाने ते शेकडो पटींनी एका जागी गोळा केलेले हवे. हे काम बहुतेक वेळा जमिनीत खोलवरचे गरम, क्षारयुक्त पाणी करते. ते खडकांतल्या भेगांमधून वर चढताना विरघळलेले सोने घेऊन येते आणि तापमान, दाब किंवा रासायनिक परिस्थिती बदलली की गारगोटीच्या शिरांमध्ये ते सोडते. त्यासाठी जुने, दाबले-मोडलेले, पुन्हा पुन्हा तापलेले खडक लागतात. कोलार असेच. तिथे १८८० च्या सुमारास आधुनिक खाणकाम सुरू झाले, खाण तीन किलोमीटरहून खोल गेली, सुमारे ८०० टन सोने निघाले आणि २००१ मध्ये ती बंद झाली. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण आजही चालू आहे.

विदर्भात असे खडक नागपूर, भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर जिल्ह्यांत आहेत. साकोली समूहाच्या पट्ट्यात, नागपूर जिल्ह्यातल्या परसोडी आणि मारुपारच्या परिसरात सोन्याचा शोध घेतला गेला आहे. शास्त्रज्ञ तिथे जाण्याआधी सोनझारी लोक वैनगंगेच्या खोऱ्यातली वाळू धुऊन सोन्याचे कण काढत होते. नदीच्या कोणत्या वळणावर जड वाळू साचते, पुरानंतर ती कुठे सरकते, याचे त्यांचे ज्ञान खरे भूशास्त्र होते, आणि या पुस्तकात आम्ही त्याला त्याच मानाने स्थान दिले आहे.

यवतमाळचा बराचसा भाग बेसाल्टचा आहे. तो तुलनेने तरुण, आडवा पसरलेला, फारसा न मोडलेला. वणीकडचा चुनखडक आणि कोळशाचे थरही सोने गोळा करणाऱ्या प्रक्रियांना अनुकूल नाहीत. वर्धा नदीपलीकडच्या जुन्या खडकांत जे घडू शकले ते इथल्या वरच्या थरांत घडण्याचे कारण नव्हते. पण बेसाल्टच्या खाली काय आहे? १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यात किल्लारीला ६१७ मीटर खोल बोअर घेण्यात आला. ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचे थर, आणि मग थेट अतिप्राचीन पायाभूत खडक. म्हणजे दख्खनच्या काळ्या पांघरुणाखाली जुने खडक पसरलेले आहेत. त्यांत धातू असू शकतात, पण ते शोधणे खर्चिक आणि काढणे त्याहून खर्चिक आहे. 'आहे का' या प्रश्नाला भूशास्त्र असे उत्तर देते: कोणत्या खडकात, किती खोल, टनामागे किती, आणि कोणत्या किमतीला? चांदीचेही तसेच. आपल्या देशातली चांदी मुख्यतः राजस्थानातल्या जस्त-शिशाच्या खाणींतून, त्या धातूंच्या सोबतीने मिळते. चांदी शोधायची तर आधी जस्त आणि शिसे शोधावे लागते.

या क्षेत्रात विचारांचे वेगवेगळे प्रवाह आहेत, आणि नव्या वाचकाने ते ओळखून असावे. एक प्रवाह नकाशा करणाऱ्यांचा: पायी फिरा, खडक फोडा, थरांचा क्रम लावा. दुसरा रसायनाचा: सोने डोळ्यांना दिसत नसले तरी त्याच्यासोबत येणारे आर्सेनिक मातीत मोजता येते, त्याचा माग काढा. तिसरा भौतिकीचा: चुंबकत्व, गुरुत्व, विजेचा रोध यांतल्या बारीक फरकांवरून न दिसणारे खडक ओळखा. या पद्धतींच्या जोडीला उत्पत्तीविषयीचे वाद आहेत. गोंडवानाचा कोळसा झाडे वाढली तिथेच दलदलीत तयार झाला, की पाण्याने वाहून आणलेल्या ओंडक्या-पाचोळ्यातून, यावर पिढ्यान्‌पिढ्या चर्चा झाली. ज्वालामुखी आणि गाळ यांच्या मिश्र पट्ट्यांतले धातू खडकासोबतच साचले की नंतर गरम पाण्याने आणले, हा वादही जुना आहे. हे वाद केवळ वर्गात रंगणारे नव्हेत. धातू थरासोबत साचला असेल तर थराच्या दिशेने बोअर घ्यावे लागतात. नंतर आला असेल तर भेगांच्या दिशेने. उत्पत्तीविषयीचा समज चुकला, की कोट्यवधींचे बोअर कोरडे जातात.

अखेर सगळे प्रवाह एका ठिकाणी येऊन मिळतात: कोअर बॉक्समध्ये. बोअरच्या गाडीला पोकळ, हिऱ्याचे कण बसवलेले बिट असते. ते फिरत खाली जाते आणि खडकाचा दंडगोल तुकडा आत शिरतो. तो बाहेर काढून पत्र्याच्या किंवा लाकडी खोक्यातल्या कप्प्यांत, खोलीच्या क्रमाने मांडतात. वणीकडच्या एखाद्या बोअरचे खोके उघडले तर वरच्या कप्प्यांत कामठीचा तांबूस वालुकाश्म दिसतो, हाताला रखरखीत. मग बराकरचा पांढुरका, भरड दाण्यांचा. मग राखाडी शेल, बोटाने पाती सुटावीत असा. त्यानंतर कोळसा: काही पट्टे चकचकीत, काही मंद, मधे मातीच्या बारीक रेघा. त्याखाली पुन्हा वालुकाश्म, आणि बोअर पुरेसा खोल गेला तर हिमनद्यांच्या काळातला हिरवट थर. प्रत्येक खेपेला किती मीटर खोदले आणि त्यांतला किती कोअर हाती आला, हे लिहावे लागते. जो भाग हाती आला नाही त्याची नोंद तितकीच मोलाची, कारण ठिसूळ कोळसा तिथेच निसटलेला असतो.

सोन्याच्या शोधात कोअर उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेत पाठवतात आणि अर्धा खोक्यात जपतात. या साध्या शिस्तीचे मोल जगाला १९९७ मध्ये कळले. कॅनडाच्या ब्रे-एक्स कंपनीने इंडोनेशियात बुसांग इथे प्रचंड सोने सापडल्याचे जाहीर केले होते आणि तिच्या शेअरची किंमत आकाशाला भिडली होती. नमुन्यांत बाहेरून सोने मिसळलेले होते. अर्धा कोअर जपण्याऐवजी तिथे सगळाच दळून टाकला जात होता, त्यामुळे कोणाला सहजी पडताळा घेता येत नव्हता. त्यानंतर साठे जाहीर करण्याचे नियम जगभर कडक झाले. आपल्याकडेही साठ्याच्या खात्रीचे टप्पे ठरलेले आहेत. जी-४ म्हणजे प्राथमिक पाहणी, आणि जी-१ म्हणजे तपशीलवार अन्वेषण. वर्तमानपत्रात 'अमुक इतका साठा सापडला' अशी बातमी वाचली, की ती कोणत्या टप्प्यावरची आहे हे विचारण्याची सवय प्रत्येक वाचकाला लागावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे. जी-४ वरचा आकडा आशा असतो. त्यावर गावाचे भवितव्य ठरवता येत नाही.

हे आजच का महत्त्वाचे? कारण कायदा आणि जमीन दोन्ही वेगाने बदलत आहेत. १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन लिलावाची पद्धत आली आणि खाणबाधित भागांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले. २०२३ च्या दुरुस्तीने सोने, चांदी, तांबे, लिथियम यांसारख्या खोलवरच्या आणि महत्त्वाच्या २९ खनिजांसाठी स्वतंत्र अन्वेषण परवाना आणला. खाजगी कंपन्यांना शोधाचे दार उघडले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार भूगर्भातल्या खनिजांवर हक्क शासनाचा आहे. कोळशासाठी तर १९५७ चा वेगळाच कायदा आहे: सेक्शन ४ ने पूर्वेक्षणाची सूचना, सेक्शन ७ ने संपादनाचा इरादा, सेक्शन ९ ने संपादनाची घोषणा. वणी तालुक्यातल्या कित्येक घरांत हे आकडे पिकाच्या भावाइतके परिचयाचे आहेत. तरी सेक्शन ४ नंतर वावरात जे बोअर झाले त्यांत काय लागले, हे त्या घरांत क्वचितच कोणी सांगितलेले असते.

आणि पाणी. पूर्वेकडच्या तालुक्यांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त असल्याने कितीतरी गावांत दात पिवळे पडतात, सांधे आखडतात. हे फ्लोराइड खडकातूनच पाण्यात उतरते. कोणत्या खोलीवर कोणता खडक आहे, हे माहीत असेल तर बोअर कुठे थांबवायचा आणि कोणत्या थराचे पाणी टाळायचे हे ठरवता येते. कोळशासाठी घेतलेल्या बोअरची नोंद पिण्याच्या पाण्यासाठी वापरता येते. खनिजशोधाची माहिती एका कामासाठी गोळा होते आणि दहा कामांना उपयोगी पडू शकते. ती सर्वांपुढे मोकळी हवी, एवढीच अट. राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार २०२३ च्या डिसेंबरात खुले झाले, हे त्या दिशेने टाकलेले स्वागतार्ह पाऊल आहे. पुढचे पाऊल भाषेचे आहे.

या पुस्तकाची भूमिका यातून स्पष्ट व्हावी. खनिजशोधाचे पहिले फळ ज्ञान आहे, धातू किंवा कोळसा त्यानंतर येतो. आणि 'इथे नाही' हे उत्तरही त्या ज्ञानाचा पूर्ण हक्काचा भाग आहे. कोळसा न लागलेल्या बोअरनीच वर्धा खोऱ्याच्या कोळसाक्षेत्राची सीमा आखली. सोन्याच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण शोध घेतलेल्या जागांपैकी खाण होईपर्यंत पोचणाऱ्या जागा फार थोड्या. यशाच्या कहाण्या सर्वत्र सांगितल्या जातात. आम्ही कोरड्या बोअरनाही जागा दिली आहे, कारण त्यांची नोंद हरवली तर पुढची पिढी तोच खर्च पुन्हा करते आणि तीच आशा पुन्हा लावून बसते.

लेखांची मांडणी खडकांच्या वयाप्रमाणे आहे: जुन्यापासून नव्याकडे. वाचकाने हवे तिथून सुरुवात करावी. वणीच्या वाचकाने कोळशापासून, पुसदच्या वाचकाने बेसाल्टपासून आरंभ केला तरी बिघडत नाही. सोन्या-चांदीच्या भागात आम्ही जिल्ह्याची सीमा मुद्दाम ओलांडली आहे, कारण खडकांना तालुका-जिल्हा ठाऊक नसतो आणि यवतमाळचे भूशास्त्र चंद्रपूर-भंडाऱ्याच्या शेजारी ठेवूनच कळते. खाण व्हावी की होऊ नये, यावर हे पुस्तक निकाल देत नाही. तो निर्णय लोकांचा आहे. तो माहितीवर उभा राहावा, अफवेवर नव्हे, यासाठी लागणारी सामग्री देणे हे आमचे काम.

शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांकडे आमची खास मागणी आहे. विद्यार्थ्यांना वढा-जुगादच्या संगमावर न्या, पैनगंगेच्या काठचा चुनखडक दाखवा, गावातल्या नव्या विहिरीतून निघालेल्या दगडांचे थर खोलीसह वहीत लिहायला सांगा. अशा शंभर विहिरींच्या नोंदी एकत्र आल्या, तर तालुक्याचा जो नकाशा तयार होईल तो कोणत्याही कचेरीकडे नाही. आणि ग्रामसभांनी एक प्रश्न ठरावाने विचारायला सुरुवात करावी: आमच्या शिवारात किती बोअर झाले, किती खोल, आणि त्यांत काय लागले? उत्तर मराठीत मागावे. ते वाचून समजण्याइतकी तयारी या पुस्तकाने व्हावी, यासाठीच ते तुमच्या हाती देत आहोत.